बेटावर गप्प कसं बसावं : कागलकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. जागेपणी सलग अर्धा तास न बोलता काढलाय, असं ज्यांना छातीठोक सांगता येईल, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण असा माणूस कागलात सापडणं अवघड. ज्या गावाला अख्खा महाराष्ट्र राजकारणाचं विद्यापीठ म्हणतो, तिथं गप्प बसलेला गडी एकतर आजारी असतो, नाहीतर त्याच्या मनात गट बदलायचं चाललेलं असतं.

तरीही हल्ली गैबी चौकात, चहाचा दुसरा कप झाला की, एखादा उसासा टाकून म्हणतो, "भावा, कुठंतरी शांत बेटावर जाऊन पडावं वाटतंय. समुद्र, झाडं, पाखरं, बास." त्याच्या डोळ्यांपुढं मालदीव असतं. मग कोणीतरी विमानाचं भाडं सांगतं आणि विषय परत उसाच्या दरावर येतो.

अशा गड्यासाठी पहिली सूचना : बेट दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. फोंडा घाट उतरायचा, मालवणच्या धक्क्यावर होडीत बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत बेटाला पाय लागतो. नाव कुरटे बेट. शाळेच्या पुस्तकात ते सिंधुदुर्ग किल्ला म्हणून येतं, त्यामुळं किल्ल्याखाली एक बेट आहे हे आपण पार विसरून गेलो. शिवाय ते परक्याचं नाही. मालवण आणि हा किल्ला करवीर राज्यात होते. मधे १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं, पण तो परत मिळाला. शेवटी १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. ही माहिती प्रवासात एकदाच सांगावी. होडीवाल्याला तर सांगूच नये. "मगे घेवन जावा परत," असं उत्तर येतं.

"सिंधुदुर्गावर कसली शांतता? तिथं शाळांच्या सहली असतात की!" असं तुम्ही म्हणाल. असतात. म्हणूनच मार्गदर्शिका लागते.

मुहूर्त

उसाच्या पट्ट्यातला माणूस मे महिन्यात मोकळा होतो. गळीत हंगाम उरकलेला असतो, पोरांच्या परीक्षा झालेल्या असतात. नेमका त्याच वेळी उरलेला महाराष्ट्रही मोकळा होऊन मालवणात उतरलेला असतो. जून लागला की दर्या खवळतो आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने, आणि त्यातही मंगळवार-बुधवारसारखा बिनकामाचा वार.

इथं कागलकराची पहिली परीक्षा होते, कारण याच दिवसांत उसाला तोड येते. कारखान्याचा चिटबॉय "उद्या-परवा टोळी पाठवतो" म्हणतो आणि माणूस फोन उशाशी घेऊन झोपतो. नवशिक्यांनी लक्षात ठेवावं : चिटबॉयच्या शब्दावर ज्यानं होडीची वेळ ठरवली, तो अजून धक्क्यावर पोचलेला नाही. आधी तारीख ठरवा. ऊस उभाच राहणार आहे. तो कुठं जात नाही, हीच त्याची खोड आणि तोच त्याचा गुण.

तारीख ठरवताना मोबाइल बाजूला ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्यावरची तिथी समुद्रावर कामाला येते, हे घाटावरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीला पाऊणनं गुणा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, परत संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि मधे भर दुपारी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागणिक थोडं मागंपुढं होतं, पण धक्क्यावर उभं राहून हा हिशेब चारचौघांत मांडला तर तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. कारण सरळ आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्यामागून पाणीही तितकंच उशीर करतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा भांग. त्या दिवसांत पाणी ना धड वर चढत, ना धड खाली उतरत. (दोन गटांनी दोन बाजूंना ओढलं की काय होतं, हे कागलकराला वेगळं समजावायला नको.)

तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्या साधावी. दोन्ही वेळची ओहोटी उजाडताना आणि मावळताना, साडेपाचच्या आसपास पडते. वाळू लांबवर मोकळी होते, ऊनही नसतं. ही वेळ कुणाच्या ओळखीनं मागंपुढं करून मिळत नाही. गावातला माणूस याला बिचकतो, पण दुसऱ्या दिवशी सवय होते.

सामान

भडंग न्यावं, त्यावर वाद नाही. कांदा-लसूण चटणीची बरणी मात्र घरी ठेवावी. का, ते पुढं जेवणात येईल. ब्लूटूथ स्पीकर नेऊ नये. "फक्त गाडीत लावायला" म्हणूनही नेऊ नये, कारण गाडीत लावलेला स्पीकर वाळूवर आपोआप उतरतो. टोपी, पाण्याची बाटली, जुन्या चपला. आणि माणसं चारच्या वर नकोत. पाचवा आला की दोन गट पडतात.

रस्ता

मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली, कसाल, मालवण. राधानगरीपर्यंत काय बोलायचं ते बोलून घ्या : दूध संघ, जिल्हा बँक, कारखाना, कोण कुणाच्या स्टेजवर दिसला. दाजीपूरचं जंगल लागलं की तोंड बंद करायचा सराव सुरू करावा. रस्त्याच्या कडेला गवा उभा असलाच, तर तो तुमच्याकडं बघतो आणि निघून जातो. तेवढीच प्रतिक्रिया आपल्यालाही जमते का, ते बघावं.

बेटावर

शक्यतो सकाळची पहिली होडी धरावी. धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला तिथं पूजा करून शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं. समोर पाण्यात तट दिसतो, आणि तो इतका बेताचा उंच वाटतो की नवशिक्या म्हणतो, "एवढाच हाय व्हय?" जवळ गेल्यावर दरवाजा कुठं आहे तेच कळत नाही. तो तसाच बांधलाय.

आत शिरल्यावर सगळे ज्या क्रमानं फिरतात तो क्रम ठरलेला आहे : महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं देऊळ, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडं खारं पाणी आणि या तीन विहिरींत गोडं. देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं. आतली मूर्ती नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही, दाढी नाही, डोक्यावर नावाड्याची टोपी. सभामंडप कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधला. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक जाण्याआधी शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. तेव्हा "हे आमच्या गावचं काम," हे वाक्य इथं म्हणायची कागलकराला परवानगी आहे. एकदाच, हळू आवाजात, आणि म्हणून झाल्यावर आजूबाजूला कोण बघतंय ते न बघता.

होडीवाला साधारण तासाभराची मुदत देतो. बाकीची मंडळी विहिरीपाशी फोटो काढत असताना तुम्ही तट धरावा आणि समुद्राच्या अंगाला चालत सुटावं. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे, सगळा पालथा घालायला कुणी सांगितलेलं नाही. शंभर पावलांवर आवाज मागं पडतात. दोनशेवर नुसता वारा. पश्चिमेकडं नजर टाकली की मधे काही नाही, सरळ अरबस्तान.

याच मागच्या अंगाला तटाला धरून वाळूचा एक छोटा तुकडा आहे. त्याला 'राणीची वेळा' म्हणतात. ही राणी म्हणजे ताराराणी, आणि त्या इथं समुद्रस्नानाला येत, असं सांगतात. आपल्या बाजूला हे फार कुणी बोलत नाही. ताराराणी म्हटलं की कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा, हातात तलवार. ते बरोबरच आहे. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला झुंजवलं आणि १७१० मध्ये करवीरची वेगळी गादी उभी केली. पण इतकं सगळं करणाऱ्या बाईनं एका बेटाच्या मागच्या बाजूला, तटाच्या आडोशाला, स्वतःपुरती वाळू राखून ठेवली होती, ही गोष्ट मला तलवारीइतकीच मोठी वाटते. औरंगजेबाची फौज मागं असणाऱ्या बाईला समुद्रावर जायला सवड होती. तिच्यापुढं "पतसंस्थेची मीटिंग हाय" हे कारण टिकत नाही.

प्रत्यक्ष बसणे

आता मुख्य कृती. सावली बघून बसावं आणि पंधरा मिनिटं काही करू नये. नवशिक्याला काय काय होतं, ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला नको.

पहिली दोन मिनिटं छान जातात. तिसऱ्या मिनिटाला हात खिशाकडं जातो. फोटो काढावा, स्टेटसला टाकावा, "निसर्गाच्या सान्निध्यात" असं लिहावं, अशी तीव्र कळ येते. ती जाऊ द्यावी. पाचव्या मिनिटाला माणूस म्हणतो, "मस्त हाय, पण हितं एक चांगलं हॉटेल पायजे हुतं." हेही जाऊ द्यावं. सातव्या-आठव्या मिनिटाला सगळ्यात अवघड टप्पा येतो. कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस समुद्राकडं बघत आठ मिनिटं बसला की तो जमिनीचा भाव विचारतोच. बेट सरकारचं आहे, विकत मिळत नाही, हे कळल्यावर तो धक्क्यावर परतेपर्यंत दम धरतो आणि तिथल्या पहिल्या म्हाताऱ्याला गाठतो.

"काका, हिकडं गुंठा काय दरानं जातो?"

"जातलो मरे. पण सात-बारावर सत्तावीस नावां आसत. नव मुंबयक, दोन दुबईक, आणि एकाचो पत्तोच नाय."

कोकणची किनारपट्टी आजवर जी काही शिल्लक राहिली, त्यात या सात-बाऱ्याचा वाटा पर्यावरणाच्या कुठल्याही कायद्याइतका असावा, असं माझं खासगी मत आहे.

दहा मिनिटं ओलांडली की मात्र काहीतरी दिसायला लागतं. आकाशात मोठी पांढरी छाती आणि राखाडी पंखांचा पक्षी संथ गोल फिरतोय, तो समुद्रगरुड. किनाऱ्यावरची माणसं त्याला काकण म्हणतात. पाण्यावर थव्यानं बसलेले ते कुरव, हिवाळ्याचे पाहुणे. त्यांच्याहून सडपातळ, शेपटी दुभंगलेली आणि पाण्यात सूर मारणारे ते सुरय. आणि तुम्ही ज्या तटावर बसलाय त्याच्या आसपास, पाण्याखाली, प्रवाळ आहेत. या भागातला २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ दगडासारखे दिसतात पण जिवंत असतात, पाय ठेवला की मरतात. स्नॉर्केलिंगला उतरलात तर तरंगत राहावं आणि माशांना बिस्किटं घालू नयेत. "खातात की!" हा युक्तिवाद करू नये. आपणही लग्नात काय काय खातो.

संध्याकाळच्या ओहोटीला देवबाग किंवा पलीकडं भोगव्याच्या बाजूला वाळूवर जावं. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे नारळ-सुरूंची एक चिंचोळी पट्टी. बेट नाही, पण व्हायला फारसं काही उरलेलं नाही. ओल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढाल्या बिळांभोवती बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, कुणीतरी निवांत बसून काढलेल्या रांगोळीसारखी. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं आहे. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्यासारखं बारीक काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. तुम्ही पाऊल टाकलं की शेकडो खेकडे एका क्षणात बिळात. पुतळ्यासारखं उभं राहिलात तर मिनिटा-दोन मिनिटांत एकेक डोळा वर येतो आणि काम पुढं सुरू. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पहिल्यापासून. नवशिक्यांनी गप्प बसायचा सराव या खेकड्यांसमोर करावा, कारण ते गुण लगेच देतात.

जेवण

कागलकर किनाऱ्यावर जेवायला बसला की तिसऱ्या घासाला म्हणतो, "पांढरा रस्सा मिळंल का?" मिळेलही. कोल्हापूरच्या गाड्या बघून मालवणातल्या हॉटेलांनी तोही शिकून घेतलाय. पण त्यासाठी घाट उतरायची गरज नव्हती.

घरगुती खानावळीत जेवण आधी सांगावं लागतं. सकाळी अकराला सांगायचं, दुपारी दीडला जेवायचं. "काय काय हाय?" असा प्रश्न नसतो, "आज काय गावलां?" असा असतो. बांगडा गावला तर बांगडा, पेडवे गावले तर पेडवे, कधी तिसऱ्या, कधी सौंदाळे. सुरमईचा हट्ट धरणारा पाहुणा पैसेवाला समजला जातो, जाणकार नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात. ती चावायची नसतात, नुसता वास द्यायला घातलेली असतात. चावलीच तर जीभ बधिर होते आणि माणूस दहा मिनिटं आपोआप गप्प बसतो. त्या अर्थानं तिरफळ हे या मार्गदर्शिकेतलं अधिकृत साधन मानायला हरकत नाही. चटणीची बरणी घरी ठेवायला का सांगितलं, तेही आता कळलं असेल. ती ताटाशेजारी आली की बांगडा कुठला आणि वांगं कुठलं, काही कळत नाही.

वाढणारी काकी मधेच विचारते, "घाई कित्याक करतास? वायच बसा." हे आदरातिथ्य नसतं, सूचना असते. सोलकढी अजून यायची असते.

नापास झालेल्यांसाठी

ज्यांना पंधरा मिनिटं जमलीच नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांची सोय देवबागच्या संगमावर केलेली आहे. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे, त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असं सांगितलं जातं. जेट-स्की, बनाना राइड, बंपर राइड, भजी, मक्याची कणसं, सगळं तिथं आहे. भरतीला पाणी घोट्यापर्यंत येतं, तरी टेबलावरची मंडळी उठत नाहीत. हेही बेटच आहे, वाळू आहे, समुद्र आहे. एका बाजूला डॉल्फिन दिसला म्हणून सगळे धावतात आणि डॉल्फिन दुसऱ्या बाजूला निघून जातो. कुणाला यातच विश्रांती मिळत असेल तर त्याला ती घेऊ द्यावी. आमची तक्रार फक्त एवढीच की तिथून आल्यावर त्यानं "शांत बेटावर जाऊन आलो" असं म्हणू नये.

पुढच्या इयत्तेची तोंडओळख

वेंगुर्ल्याच्या समोर, समुद्रात आत, वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडक आहेत, त्यांतल्या एकावर दीपगृह. तिथल्या कपारीत पाकोळ्या घरटी करतात, स्वतःच्या लाळेची. चीनकडं या घरट्यांचं सूप करतात, त्यामुळं त्यांच्या चोरीचा धंदा चालत आलेला. पक्षी अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी या पाकोळ्यांवर आणि तिथल्या सुरयांवर १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलंय. निवतीच्या किनाऱ्यावरून, हवा स्वच्छ असली तर, हे खडक ठिपक्यांसारखे दिसतात. नवशिक्यांनी तिथूनच बघावेत. ज्या बेटावर आपण गेलं नाही तरी चालतं, असं एखादं बेट असू द्यावं.

परतल्यावर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण बेटाची शांतता मालवणात मोडत नाही, ती गैबी चौकात मोडते. सोमवारी तुम्ही चहाला उभे राहता. कुणीतरी विचारतं, "कुठं गायब हुता?" तुम्ही भोळेपणानं सांगता. रस्ता सांगता, खानावळ सांगता, काकीचा नंबर देता. येत्या शनिवारी तीन टेंपो ट्रॅव्हलर भरून माणसं उतरतात, एका गटाची. त्यापुढच्या शनिवारी दुसऱ्या गटाची, चार ट्रॅव्हलर घेऊन.

म्हणून उत्तर आधीच पाठ करून ठेवावं. या मार्गदर्शिकेत जी नावं आली ती सगळी नकाशावर आहेत, ती सांगायला हरकत नाही. पण किल्ल्यावरून परतताना तुम्हाला सापडलेली आणखी एक जागा असेल, जिथं सुरूच्या बनामागं पायवाट संपते, वाळूवर मर्यादवेलीची जांभळी फुलं असतात आणि पलीकडं होडीसुद्धा नसते. तिचं नाव आम्हीही इथं छापलेलं नाही. तिच्याबद्दल कुणी विचारलंच तर चहाचा घोट घ्यावा, तोंड जरा वाकडं करावं आणि म्हणावं :

"काय न्हाई रं तिथं. नुसती वाळू. रेंज बी न्हाई. ते जाऊ दे, तुझी तोड आली का?"